शेवटची ओळ

दर सोमवारी सकाळी कामाला लागायच्या आधी मी राऊटरमध्ये शिरून ‘शो व्हर्जन’ मारायचो. काम असं काही नसायचं. वरच्या ओळींमध्ये अपटाइम दिसतो, तो वाचून बरं वाटायचं. २०१४ च्या डिसेंबरात तो ५ वर्षं ४७ आठवडे झाला होता. मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून हा गडी डोळ्याला डोळा न लावता उभा. त्या आउटपुटला खाली आणखी बऱ्याच ओळी असतात. त्या वाचायची मला कधी गरज वाटली नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेचं मुख्य कार्यालय होतं ते. राऊटर घरातल्या डबीसारखा नव्हे, चांगला भारदस्त. पाठीमागे खण, आणि ज्या प्रकारची लाइन त्या प्रकारचं कार्ड खणात सरकवून स्क्रू आवळायचे. पहिल्या खणातल्या ई-वन कार्डावर सगळा संसार होता. २ एमबीची एकच तार, तिच्यात ६४-६४ केबीचे भाग पाडून २१ शाखा जोडलेल्या. तालुक्याच्या बाजारपेठेतली शाखा असो की एका खोलीतली, पैसे काढणाऱ्याचा आकडा इथूनच यायचा.

यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या म्हणून शनिवारी रात्री अख्खी सर्व्हर रूम बंद करायची ठरली. मी आणि आमचे वरिष्ठ, ज्यांना शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे काका म्हणत. पंखे थांबले आणि खोली इतकी शांत झाली की इलेक्ट्रिशियनचा पाना खाली ठेवल्याचाही आवाज यायला लागला. दोनच्या सुमारास त्यानं विचारलं, “टाकू का मेन?” काका म्हणाले, “टाक.”

निळी कन्सोल केबल लावून मी बसलो होतो. हॅशची लांबलचक रांग सरकत गेली, मिनिटं गेली, आणि स्क्रीनवर प्रश्न आला: सुरुवातीचं कॉन्फिगरेशन भरायचं आहे का? हा प्रश्न नवा कोरा राऊटर विचारतो. सहा वर्षं नांदलेली सून सकाळी उठून ‘तुम्ही कोण?’ म्हणाली तर जसं होईल तसं झालं.

“नो टाक,” काका मागून म्हणाले. “आणि राईट मारू नकोस. काही झालं तरी राईट मारू नकोस!”

कोऱ्या अवस्थेत सेव्ह केलं असतं तर जुनं कॉन्फिगरेशन कायमचं पुसलं गेलं असतं. मी ‘शो स्टार्ट’ मारलं. सगळं जागेवर होतं! ओळ न् ओळ लॅपटॉपवर उतरवून घेतली. मग राऊटरनं ते वाचलं का नाही?

“रजिस्टर बघ. शो व्हर्जन, सगळ्यात खाली.” काका फार पटकन बोलले, हे मला नंतर आठवलं.

शेवटच्या ओळीत २१४२ होतं. पाहिजे होतं २१०२. फरक एका बिटाचा, पण ते बिट लागलेलं असलं की राऊटर उठताना साठवलेलं कॉन्फिगरेशन बघतच नाही. पासवर्ड विसरला की मुद्दाम असं करतात, आत शिरतात, आणि काम झाल्यावर परत २१०२ करतात. करायचं असतं. नाही केलं तरी चालू राऊटरचं काही अडत नाही, पुढच्या रीबूटपर्यंत.

२१०२ केलं. पण कार्डांच्या यादीत पहिला खण रिकामा दिसत होता. कार्ड तर डोळ्यांसमोर होतं, फक्त दिवा मेलेला. चालू असताना कार्ड काढायची सोय आमच्या मॉडेलला नव्हती, म्हणजे पुन्हा बंद. मनगटाला पट्टा बांधून कार्ड काढलं, फुंकर न मारता (तो मोह मोठा असतो) परत बसवलं. या वेळी कॉन्फिगरेशन आलं, पण ई-वनच्या ओळी राऊटरनं नाकारल्या, कारण ते कार्ड त्याच्या लेखी नव्हतंच. आता राईट मारलं असतं तर २१ शाखांच्या ओळी गळून गेल्या असत्या.

त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीनं जाहीर केलं होतं की २००५ ते २०१० मध्ये बनलेल्या तिच्या काही उपकरणांतल्या मेमरी चिप वीज बंद करून परत दिली की दगा देऊ शकतात. चालू आहेत तोवर ठणठणीत. आमचं कार्ड २००८ सालचं होतं.

प्रशिक्षणाच्या खोलीतल्या जुन्या राऊटरचं तसलंच कार्ड उपसून आणलं, त्याच खणात बसवलं. दुसऱ्या खणात बसवलं असतं तर इंटरफेसची नावं बदलली असती आणि आणखी एक तमाशा झाला असता. तिसऱ्यांदा बटण दाबलं. हॅशची रांग. चारच्या पुढे केव्हातरी दिवा हिरवा झाला आणि शाखा एकेक करून पिंगला उत्तर द्यायला लागल्या.

मग मी दुसरं रजिस्टर काढलं, कागदाचं, आजची नोंद करायला. सहज ५ वर्षं ४७ आठवडे मागे मोजत गेलो. अपटाइम जिथून सुरू झाला तो दिवस सापडला. २००९, जानेवारीची अखेर: ‘पासवर्ड रिकव्हर केला. राऊटर ओके.’ खाली सही. अक्षर मोत्यासारखं, ऑफिसात तसं एकाचंच.

काकांनी माझ्या खांद्यावरून ते पान वाचलं. चष्मा काढून रुमालानं पुसला.

“स्टँडवरची टपरी उघडली असेल रे,” ते म्हणाले. “चल, चहा मी देतो.”