पांढऱ्या पायांचा दोष

तैवान बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, शिमेन येथे ‘अठरा राजांचे मंदिर’ आहे. दंतकथा अशी की, समुद्रात मृत्यू पावलेल्या सतरा जणांचे देह किनाऱ्याला लागले. सोबतचा कुत्रा तेवढा जिवंत होता. मृतांना पुरताना त्या इमानी प्राण्याने स्वतःहून खड्ड्यात उडी घेतली. अठरावा राजा तोच! भाविक त्याच्या मूर्तीवरून हात फिरवतात आणि उदबत्तीऐवजी पेटती सिगारेट अर्पण करतात. १९८० च्या दशकात बेकायदा लॉटरीचे वेड पसरले, तेव्हा येथे आकडा मागणाऱ्यांची रीघ लागे.

चिनी समाजात कुत्र्याचे आगमन शुभ मानतात. ‘डुक्कर दारी आले तर दारिद्र्य, कुत्रा आला तर संपत्ती,’ अशा अर्थाची त्यांची म्हण आहे. कुत्र्याचे भुंकणे चिनी कानांना ‘वांग वांग’ असे ऐकू येते आणि भरभराट या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही ‘वांग’च आहे. व्यापाऱ्याला याहून गोड शकुन कोणता?

परंतु त्याच कुत्र्याचे पंजे पांढरे असले की शकुन फिरतो. चिनी परंपरेत पांढरा रंग सुतकाचा. म्हणून असा प्राणी जणू शोकवस्त्रे लेवूनच घरात येतो आणि धन्यावर संकट आणतो, असा समज आहे. तैवानमधील सरकारी निवाऱ्यांत पूर्वी बेवारस कुत्र्यांना जेमतेम बारा दिवसांची मुदत मिळे. त्यानंतर त्यांना मारण्याची कायद्यात मुभा होती. ही मुभा २०१७ मध्ये रद्द झाली. तोवर पंजांच्या रंगामुळे नाकारल्या जाणाऱ्या मुक्या जिवाला ते बारा दिवस किती अपुरे पडत असतील!

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. तैवानी बोलीत ‘पांढऱ्या पायाचा’ हा शब्द अपशकुनी माणसालाही, विशेषतः स्त्रीला, लावतात. आपल्या मराठीतही ‘पांढऱ्या पायाची’ हे दूषण आहेच. दोन दूरच्या समाजांनी निरपराधाला दोषी ठरवण्यासाठी नेमके एकच शब्द योजावेत, हे नवल खरे. पण अभिमानाचे नव्हे.

धंद्यात खोट आली तर तिचे कारण उधारीत, मालात किंवा बाजारभावात सापडते. बँकेतील माझ्या साऱ्या नोकरीत ते कोणाच्या पावलांत सापडल्याचे मी पाहिले नाही. घरात नुकत्याच आलेल्या सुनेकडे बोट दाखवण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी एकदा खतावणी उघडून पाहावी, एवढीच विनंती.