बहात्तरची लाल भाकर

माणिकगडच्या डोंगरावर, जिवती तालुक्यात, मराठवाड्याकडून आलेल्या कुणालाही विचारा, "कधी आलात इकडं?" उत्तर ठरलेलं: "बहात्तरच्या दुष्काळात." नांदेड, लातूर, परभणीकडून बिऱ्हाडं इथं आली हे खरंच. पण काही घरं त्याआधी आली, काही मागाहून. बहात्तर ही एक दणकट खुंटी आहे. ज्याला साल सापडत नाही तो आपलं येणं तिलाच अडकवतो.

गंमत पुढंच आहे. इथंच जन्मलेली, पन्नाशीही न गाठलेली माणसं तेव्हा रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीची चव सांगतात. भाकर घशाखाली उतरायची नाही म्हणून तोंड वाकडं करून दाखवतात. थापा नव्हेत त्या. आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं मेंदू जपून ठेवतो. ते कुणी भोगलं, एवढंच गाळतो. शिवाय आठवण दरवेळी नव्यानं जुळवली जाते, आणि विचारणाऱ्याचा शब्दही तिच्यात मिसळतो. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1974 साली मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना 'गाड्या लागल्या तेव्हा' वेग किती होता असं विचारलं, काहींना 'गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा'. आठवड्यानं चुराडावाल्यांपैकी जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

आता कायद्याकडे या, कारण वनजमिनीचा दावाही अशाच आठवणींवर उभा राहतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात इथल्या कोलाम-गोंड आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा पुरतो. बिगरआदिवासींना मात्र त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. बहात्तर म्हटलं की दावा तिथंच कोसळला! वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, पण 1930 सालचं समजत्या वयात पाहिलेला माणूस 2008 साली नियम आले तेव्हाच ऐंशी ओलांडलेला. म्हणजे कायदा मागतो ती बहुतेक ऐकीवच आठवण, मिलोच्या चवीसारखी. त्यात चारचौघांत पहिला म्हातारा बोलला की दुसऱ्यालाही तसंच आठवू लागतं.

बरं आहे, नियमांत एकटा जबाब पुरत नाही, दोन पुरावे लागतात. विहिरी, दफनभूमी, देवस्थानंही त्यात धरली आहेत. म्हणून जाणती माणसं म्हाताऱ्यांना साल विचारत बसत नाहीत. विहीर कुणी खोदली, पहिलं माणूस कुठं पुरलं, ते विचारतात. त्यावर दोन आजोबांचं जुंपतंही, पण मग सगळेच उठून जागेवर जाऊन बघतात.