समीकरणाचं बारसं

बँकेतल्या माणसाला नावाचं फारसं कौतुक नसतं. त्याला क्रमांक लागतो. खात्याला क्रमांक, चेकला क्रमांक, टोकनला क्रमांक, लॉकरला क्रमांक. काउंटरसमोर उभा राहून एखादा गृहस्थ आपलं नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव आणि जावयाची नोकरी इथपर्यंत सगळं सांगून दमतो, तेव्हा आम्ही अत्यंत नम्रपणे विचारतो, "खाते नंबर?" गृहस्थाचा चेहरा पडतो. त्यात आमचा दोष नाही. आम्हालाही एकेक कर्मचारी क्रमांक आहे. पगार त्या क्रमांकाचा होतो. तो संपवण्याचं काम तेवढं घरच्यांच्या नावावर आहे.

तेव्हा क्रमांकाच्या विरुद्ध आणि नावाच्या बाजूने चार शब्द लिहिण्याची पाळी माझ्यावर यावी, हे नवलच. ती आणली आमच्या भाचीने.

भाची पदार्थविज्ञानात पीएच.डी. करते आणि त्यासाठी आमच्याकडे राहते. तिच्या प्रबंधात दोनशे चौदा समीकरणं आहेत. हा प्रबंध ती 'लेटेक'मध्ये लिहिते. हे नाव प्रथम ऐकलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना वाटलं, पोरीला काम करताना रबरी हातमोजे घालावे लागतात. तसं काही नाही. अमेरिकेतले डोनाल्ड क्नुथ नावाचे प्राध्यापक १९७७ साली आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघून इतके नाराज झाले, की अक्षरजुळणी करणारी प्रणाली त्यांनी स्वतःच लिहायला घेतली. तिचं नाव 'टेक'. आपल्याकडे प्रुफं वाईट आली तर लेखक फार तर छापखान्याची पायरी चढणं सोडतो. पुढे १९८०च्या दशकात लेझ्ली लॅम्पोर्ट यांनी या टेकवर आणखी एक मजला चढवला, तो लेटेक. जगातले गणिती आणि शास्त्रज्ञ आज मोठ्या संख्येने त्याच मजल्यावर राहतात.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला या भानगडीत काय रस? तर रस आहे तो समीकरणांच्या क्रमांकांत. प्रबंधात पान नव्वदवर लिहिलेलं असतं, 'समीकरण (१७) वरून असे दिसते की'. हा सतरा आकडा जर हाताने लिहिला, आणि उद्या पाचव्या समीकरणानंतर एखादं नवं घालावं लागलं, तर सतराचं अठरा होतं आणि पान नव्वदवरचं वाक्य भलत्याच समीकरणाकडे बोट दाखवत बसतं.

आम्हा कॉमर्सवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीशेजारी खातेपानाचा एक बारीक रकाना असतो. ही रक्कम खतावणीत कुठल्या पानावर गेली, ते तिथे लिहायचं. आणि खतावणीत उलट, ती रोजकीर्दीच्या कुठल्या पानावरून आली, ते. दोघींनी एकमेकींचा पत्ता सांभाळायचा, सासर-माहेरासारखा. पण आमची खतावणी बांधीव. तिच्यात मधेच पान घालायची सोय नव्हती, म्हणून आमचे पत्ते टिकले.

लेटेकने यावर जो उपाय काढला आहे, त्याला मी बारसं म्हणतो. समीकरण लिहायचं, आणि तिथेच एक उलटी तिरकी रेघ मारून 'लेबल' असं लिहून पुढे महिरपी कंसात त्याचं नाव घालायचं. आत्याबाईंनी कानात सांगावं तसं. हे नाव बाहेर कुणाला दिसत नाही. छापील पानावर दिसतो तो क्रमांक, आणि तो यंत्र आपलं आपण मोजून घालतं. जिथे त्या समीकरणाचा उल्लेख करायचा, तिथे 'रेफ' लिहून तेच नाव द्यायचं. म्हणजे त्या क्षणी त्याचा जो क्रमांक असेल तो तिथे उमटतो. कंसासकट हवा असेल तर 'ईक्यूरेफ'. नाव मात्र समीकरणाच्या पोटातच ठेवावं लागतं. बाहेर ठेवलं तर त्या प्रकरणाचा किंवा विभागाचा क्रमांक त्याला चिकटतो. म्हणजे शेजारच्या पाळण्यात वाकून 'कुर्र' केल्यासारखं. आणि ज्याचा पुढे कुठेही उल्लेख व्हायचा नाही अशा समीकरणाला एक तारा लावला, की त्याला क्रमांक मिळतच नाही.

एवढं सगळं करून यंत्र फिरवलं, की पहिल्या खेपेस काय होतं? जिथे क्रमांक यायचे तिथे ठळक अक्षरांत दोन प्रश्नचिन्हं येतात. पहिल्यांदा हे बघून मला एखाद्या सरकारी कचेरीत आल्यासारखं वाटलं. भाचीने समजावलं, "मामा, पहिल्या खेपेला तो फक्त कोण कुठे बसलंय ते एका वेगळ्या फायलीत लिहून ठेवतो. दुसऱ्या खेपेला ती फाइल वाचून नंबर भरतो." म्हणजे तेच की! अर्ज आज द्या, दाखला उद्या न्या. फरक इतकाच, की इथला 'उद्या' दोन सेकंदांत येतो. शिवाय लेबलं बदलली असतील तर 'पुन्हा एकदा चालवा' असा निरोपही मिळतो. कचेरीत निरोप मिळत नाही, हेलपाट्यावरून ओळखावं लागतं.

दुसऱ्या खेपेनंतरही प्रश्नचिन्हं राहिली, तर समजावं की त्या नावाचं कुणी घरात नाही. बहुधा नाव लिहिताना एखादं अक्षर चुकलेलं असतं. याच्या उलट पंचाईत म्हणजे एकाच नावाची दोन समीकरणं. यंत्र तक्रार करतं, पण थांबत नाही. शेवटी जे भेटलं त्याचाच क्रमांक सगळीकडे लावून मोकळं होतं. लहानपणी आमच्या चाळीत हा प्रकार रोज व्हायचा. कुठल्याशा बिऱ्हाडातून "अहो!" अशी हाक आली, की तिन्ही मजल्यांच्या गॅलरीत मिळून सात नवरे बाहेर येत. तिथेही हाकेत दोष नव्हता, लेबल सात ठिकाणी लावलेलं होतं.

पण नाव ठेवण्यातली खरी मेख वेगळीच आहे. नवखी मंडळी पाचव्या समीकरणाचं नाव 'समीकरण-पाच' असं ठेवतात. ठेवतानाच त्याच्या कपाळी दुःख लिहितात. पुढे ते सातवं झालं, की नाव पाच आणि जागा सातवी. छापील पानावर चूक दिसत नाही, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात गोंधळ सुरू होतो. म्हणून जाणते लोक नाव ठेवतात ते ती वस्तू काय आहे त्यावरून: 'ऊर्जा-अक्षय्यता', 'सीमा-अट'. कुठे बसली आहे त्यावरून नव्हे.

हे मला एका क्षणात पटलं, कारण मी आयएफएससीतून गेलेला माणूस आहे. शाखेचा हा कोड अकरा अक्षरांचा. पहिली चार अक्षरं बँकेची, मग एक शून्य, मग शाखेची सहा. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. विलीन झालेल्या बँकांच्या शाखा तिथेच राहिल्या, काउंटर तेच, पंखाही त्याच आवाजात फिरत होता. पण कोडात जुन्या बँकेची अक्षरं होती, म्हणून कोड बदलले. त्यानंतर कितीतरी दिवस पेन्शनर मंडळी जुनं चेकबुक छातीशी धरून विचारत होती, "अहो, पण मी तोच आहे ना?" तुम्ही तेच आहात, आजोबा. तुमचं लेबल जागेवरून ठेवलेलं होतं.

एक गोष्ट मात्र यंत्रालाही साधत नाही. 'समीकरण (१७) वरून' असं वाचलं, की वाचणाऱ्याला पानं उलटत मागे जावं लागतं. डेव्हिड मर्मिन या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९८९ साली 'फिजिक्स टुडे' मासिकात यावर एक खुसखुशीत लेख लिहिला. त्यातला एक नियम असा, की प्रत्येक ठळक समीकरणाला क्रमांक द्यावा. तुम्हाला नसेल, पण दुसऱ्या कुणाला त्याचा उल्लेख करायचा असेल. दुसरा नियम मला फार आवडला. त्याला त्यांनी बायबलातल्या, वाटेत पडलेल्याला हात देणाऱ्या भल्या माणसाचं नाव दिलं आहे. क्रमांक सांगाल तेव्हा ते समीकरण कशाचं हेही दोन शब्दांत सांगा, असा तो नियम. नुसतं 'सतरा' म्हणू नका, 'ऊर्जेचं समीकरण सतरा' म्हणा. हा नियम प्रत्येक बँकेच्या परिपत्रक खात्यात चौकटीत लावायला हवा. आमच्याकडे येणारं परिपत्रक तीन जुन्या परिपत्रकांचे नुसते क्रमांक सांगतं, आणि ती तिन्ही कशाबद्दल होती हे कळेपर्यंत चौथं येतं.

तर, प्रबंध सादर करायला आठ दिवस उरले असताना भाचीच्या मार्गदर्शकांना साक्षात्कार झाला, की दुसऱ्या प्रकरणात एक समीकरण वाढवायला हवं. माझ्या पोटात गोळा आला. पुढचे सगळे क्रमांक आणि सगळे उल्लेख! भाचीने समीकरण घातलं, बारसं केलं, यंत्र दोनदा फिरवलं आणि मामीला म्हणाली, "चहा टाकतेस?"

हे सगळं आमच्या खालच्या मजल्यावरचे सर बघत होते. गणिताचे निवृत्त प्राध्यापक. कलनशास्त्रावर त्यांनी मराठीतून एक पुस्तक हाताने लिहिलेलं आहे, ते तीस वर्षं कपाटात पडून. सर काही न बोलता खाली गेले आणि वही घेऊन आले. समीकरण ४६ आणि ४७ यांच्यामध्ये एक चिठ्ठी डकवलेली, तिच्यावर '४६अ'. त्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी, '४६अ१'. पुढे कोऱ्या समासात पेन्सिलीने नुसत्या खुणा.

"अहो बँकवाले," सर म्हणाले, "एक फार सोपी सिद्धता सापडली होती. पण ती घालायची तर पुढचे सगळे आकडे बदलायचे. एकदा बदलले, दोनदा बदलले. तिसऱ्यांदा सुचलं तेव्हा म्हटलं, जाऊ दे."

मी बँकेत वीस वर्षं आकडे सांभाळले, पण आकडा बदलावा लागेल या धास्तीने माणूस सुचलेलं गिळून टाकतो, हे मला त्या चिठ्ठीने दाखवलं.

प्रबंध गेल्यावर भाचीने सरांची वही टंकायला घेतली. आता या प्रणालीच्या एका आवृत्तीला देवनागरीही चालते. रविवारी सकाळी सर शेजारी बसून नावं सांगत. पहिल्या दिवशी म्हणाले, "शेहेचाळीस-अ." भाची म्हणाली, "सर, तो नंबर झाला. नाव सांगा." मग सर खुलले. एक 'थोरली' झाली, एक 'धाकटी'. एकाचं नाव 'हट्टी', एकाचं 'पळवाट'. चिठ्ठ्यांवरचं सगळं आत गेलं, पेन्सिलीच्या खुणाही गेल्या, आणि '४६अ'चं सरळ ४७ झालं.

एका समीकरणाला सरांनी आपल्या कैलासवासी पत्नीचं नाव ठेवलं. पुस्तक छापलं तरी ते कुणाला दिसणार नाही. तिथे फक्त (५१) असेल. मी विचारलं, "सर, हेच का?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "पुढच्या सगळ्यांना हिचाच आधार घ्यावा लागतो."

हे मी घरी सांगितलं. सौभाग्यवती काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि तुमच्या पुस्तकात मी कितवी हो?"

मी म्हटलं, "तुला क्रमांक नाही. तुला तारा."

त्या दिवशी भजी झाली. भाची ताटावर मान खाली घालून कितीतरी वेळ खोकत होती. तिला मी अद्याप बजावलेलं नाही, पण तारा लावला की काय होतं हे मामीला सांगायचं असेल, तर ते तिने पदवी घेऊन आपल्या घरी गेल्यावर सांगावं.