पोत्यावरचा आकडा आणि पेटीवरचा आकडा



माझ्यासारख्या कृषी खात्यातल्या माणसाने लेखणी उचलली की हुमणी, बीजप्रक्रिया नाही तर माती परीक्षण यांपैकीच काही तरी वाचायला मिळणार, असे तुम्हाला वाटत असेल. तीस वर्षे मी तेच सांगत आलो. आज मात्र मी स्वतः कसा फसलो ते सांगणार आहे. विषय घरातल्या गाण्याच्या यंत्राचा, म्हणजे ॲम्प्लिफायरचा आहे. शेतीचा याच्याशी काय संबंध, असे म्हणू नका. संबंध आहे, आणि तो पुढे येईलच.

आमचे वडील, म्हणजे आबा, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. १९८९ च्या सप्ताहात कोणी तरी एकच माईक मध्ये ठेवून भजन टेप केले. त्याची कॅसेट आमच्याकडे आहे. आबा २००४ साली गेले. त्यांचा एकही बोलका फोटो नाही, चित्रफीत नाही. आहे ती एवढी कॅसेट. ती लावायला १९९४ साली मी पगारातून पैसे साठवून एक ॲम्प्लिफायर, दोन लाकडी स्पीकर आणि डेक घेतला होता.

गेल्या दिवाळीत आई म्हणाली, "ह्यांची कॅसेट लाव की रं." आईचे वय आता ८१. लावली, तर डावी बाजू मुकी, उजवीकडे खरखर, आणि मागे भुंगा गुणगुणावा तसा सारखा घूंऽऽ असा आवाज. आई थोडा वेळ कान देऊन बसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. काय कळंना." त्या 'ऱ्हाऊ दे'ने मला रात्रभर झोप लागली नाही.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने दहा हजार रुपये पाठवले. म्हणाला, "दादा, नवीन घ्या." ठरले. बजेट दहा हजार, त्याच्या वर एक पैसा नाही.

तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक उंच काळी पेटी दाखवली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते, '२००० वॅट पी.एम.पी.ओ.' किंमत नऊ हजार. माझे जुने यंत्र अवघ्या ३० वॅटचे. मी मनात हिशेब केला, पासष्ट-सत्तर पट ताकद! दुकानदाराने लग्नातले एक गाणे लावले. दुकानाची काच थरथरली. मी भारावलो. मात्र "घरी नाही पटले तर परत आणीन" एवढी अट घातली, ती माझी एकच शहाणपणाची गोष्ट.

भाच्याने कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली होती. ती पेटीला लावली. घर दणाणले, फळीवरची भांडी वाजली. आईने दोन मिनिटे ऐकले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आवाज लई मोठा हाय. पर बोल कळत न्हाईत."

मी पेटी उलटी करून मागची पट्टी वाचली. तिच्यावर बारीक अक्षरात होते, 'वीजवापर ६० वॅट'. वाचकहो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. ६० वॅट वीज घेणारे यंत्र २००० वॅट आवाज कुठून देणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तुम्हाला मी किती सभांमधून सांगितले असेल, की पोत्याचा रंग पाहू नका, पोत्यातले अन्नद्रव्य पाहा. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे पावणेएकवीस किलो. ५० किलोच्या डी.ए.पी.मध्ये ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. किंमत त्या किलोंची करायची, पोत्यावरच्या चित्राची नाही. आणि मीच सोनेरी अक्षरांना भुललो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

पेटी परत केली. दुकानदाराने पाचशे रुपये कापून घेतले. माझ्या शिक्षणाची फी म्हणून मी ती दिली.

मग गेलो आमच्या बाजारपेठेतल्या जुन्या रेडिओ मिस्त्रीकडे. माणूस सत्तरीचा, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. त्याने माझे कान टोचले. त्याने सांगितले ते मी माझ्या शेतकी भाषेत सांगतो, म्हणजे तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वॅटची. यंत्र सतत, न थकता, न फाटता जी ताकद देते तिला 'आर.एम.एस.' वॅट म्हणतात. तोच आकडा विचारायचा. 'पी.एम.पी.ओ.' हा आकडा मोजायची सर्वमान्य रीतच नाही. ज्याला जो लिहावासा वाटतो तो लिहितो.

दुसरी गोष्ट, वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जरासा वाढल्यासारखा वाटतो, एवढेच. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. पिकाला खताचा डोस दुप्पट केला म्हणून उतारा दुप्पट येत नाही, तसेच हे. घरातल्या खोलीत बसून ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च होतात. बाकीची ताकद पखवाजावर एकदम थाप पडते त्या क्षणासाठी राखीव असते.

तिसरी गोष्ट स्पीकरची. स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज येतो, तो आकडा डेसिबलमध्ये दिलेला असतो. ८४ डेसिबलचा स्पीकर आणि ९० डेसिबलचा स्पीकर यांत चौपट वॅटचा फरक आहे. म्हणजे चांगला स्पीकर १० वॅटवर जे काम करतो, त्याला दुसऱ्याला ४० वॅट लागतात. जमीन सुपीक असेल तर खत कमी लागते, तोच न्याय. म्हणून सगळे पैसे ॲम्प्लिफायरवर घालू नयेत, थोडे स्पीकरसाठी ठेवावेत.

चौथी गोष्ट ओहमची. स्पीकरच्या मागे ८ ओहम किंवा ४ ओहम लिहिलेले असते. आपला सेंट्रिफ्युगल पंप पाहा. हेड एकदम कमी झाला की तो जादा पाणी फेकतो आणि मोटारीवर लोड येऊन ती तापते. ओहम कमी म्हणजे अडथळा कमी, वीज जादा ओढली जाणार. ॲम्प्लिफायरवर '८ ओहम' असे लिहिले असेल तर त्याला ४ ओहमचा स्पीकर जोडू नये. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच बाजूला शेजारी-शेजारी जोडले तर तेही मिळून ४ ओहमच होतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सप्ताहात, हळदीला यंत्रे जळतात ती बरीचशी याच कारणाने.

मिस्त्रीने माझे जुने यंत्र उघडले. आतले कपॅसिटर सुकले होते, म्हणून तो घूंऽऽ आवाज. डाव्या बाजूची चिप गेलेली, ट्रान्सफॉर्मरही तापून काळा पडलेला. "याला पैसा घालू नका. पण स्पीकर सोन्यासारखे आहेत, ते टाकू नका," तो म्हणाला. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड कुजून भुगा झाली होती. नवीन कड चिकटवली की स्पीकर पुन्हा तरणा.

ॲम्प्लिफायरसाठी त्याने तीन वाटा सांगितल्या. नामांकित कंपनीचे मोठे, ट्रान्सफॉर्मरचे यंत्र उत्तम, पण माझ्या बजेटच्या दुप्पट. जुन्या बाजारातले यंत्र स्वस्त, पण आतली अवस्था कळत नाही. बाजारातली म्हैस दोन वेळा पिळून पाहिल्याशिवाय घेत नाहीत, तसे ते दोन तास वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. तिसरी वाट म्हणजे हाताच्या पंजाएवढे 'क्लास डी' यंत्र. ते घेतलेल्या विजेचा फार थोडा भाग उष्णतेत घालवते, म्हणून लहान असते आणि थंड राहते.

पण यातही मेख आहे. असल्या यंत्रावर '१०० + १०० वॅट' असे लिहितात आणि सोबत अडॅप्टर देतात १२ व्होल्ट, २ अँपिअरचा. बारा दुणे चोवीस. चोवीस वॅटच्या अडॅप्टरमधून दोनशे वॅट निघतील का? अशा छोट्या यंत्राला १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरसाठी एका बाजूला जेमतेम आठ-नऊ वॅट मिळतात, तर २४ व्होल्टवर तीसच्या आसपास. म्हणून मी २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर असलेले घेतले. अडॅप्टरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे छापले आहे हेही पाहिले. आमच्या वस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येते. जुने यंत्र तेव्हा रडायचे, हे रडत नाही.

खर्च झाला तो असा. ॲम्प्लिफायर आणि अडॅप्टर ५,५०० रुपये. दोन्ही स्पीकरच्या कडा मजुरीसह १,२००. डेकचा पट्टा आणि हेडची सफाई ६००. तांब्याची चांगली वायर ३००. एकूण ७,६००. त्यात पाचशेची फी धरली तर ८,१००.

आईच्या कानांचेही सांगतो. कानाच्या डॉक्टरांनी तिला तपासले होते. उतारवयात बहुधा बारीक, उंच स्वर आधी कमी ऐकू येतात. 'स', 'श', 'त', 'क' ही अक्षरे त्याच स्वरांत असतात. घुमणारा जाड आवाज वाढवला की ती अक्षरे त्याच्याखाली गाडली जातात. म्हणूनच त्या काळ्या पेटीवर तिला बोल कळत नव्हते. घरात कोणा वडीलधाऱ्याला ऐकू कमी येत असेल तर नुसता आवाज वाढवू नका. बास कमी करा, ट्रेबल थोडा वाढवा आणि स्पीकर त्यांच्याजवळ आणा. अंतर निम्मे केले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. डॉक्टरांना कान दाखवायचे ते मात्र टाळू नका.

रविवारी सगळे घरी आणून मीच जोडले. कॅसेट लावली. विणा वाजला, टाळ उमटले, बुवांनी तुकोबांचा अभंग उचलला. आईचे ओठ हलू लागले. तिला शब्द कळत होते! मी खूश. पण चरण संपला तशी ती थांबली.

"समदं कळतंय. पर ह्यांची धूम कुटं हाय?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला धूम म्हणतात. आबा दर भजनाआधी तिला कणकेचा गोळा लावत, अंगठ्याने दाबत, थाप मारून पाहत, पुन्हा थोडी कणीक काढत. ती कणीक आईच मळून द्यायची. टाळ ऐकू येत होते, शाईवरची बोटे ऐकू येत होती, पण तो भरीव घुमारा नव्हता. मला तो फरक कळला नव्हता. आईला कळला.

मिस्त्रीला फोन केला. तो हसला. "वायरी उलट्या केल्या असतील. लाल लालला, काळी काळीला बघा." खरेच, डाव्या स्पीकरच्या वायरी मी उलट जोडल्या होत्या. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि दोघांचे जाड स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. आमची कॅसेट एकाच माईकवर भरलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना तोच आवाज होता आणि धूम पार पुसली गेली होती.

वायरी बदलल्या आणि कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. धुमेचा पहिला ठोका पडला. आईने डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. अभंग संपेपर्यंत घरात कोणी बोलले नाही. मग ती उठता उठता म्हणाली, "कणीक जरा जास्त झाली हुती त्या दिवशी. मी सांगितलं हुतं त्यांस्नी."

उरलेल्या १,९०० रुपयांचे काय करायचे, हेही तिनेच ठरवले. देवळातल्या पखवाजाची पुडी फाटली आहे, ती घालून घ्यायची.

तर बंधू-भगिनींनो, यंत्र घ्यायला जाल तेव्हा चार गोष्टी विसरू नका. आर.एम.एस. वॅट विचारा, मागची वीजवापराची पट्टी वाचा, स्पीकरचे ओहम जुळवा, आणि दुकानातले गाणे न ऐकता आपल्या घरातले गाणे सोबत नेऊन ऐका. वळवाच्या दिवसांत वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवा. यंत्र बंद असले तरी त्याच्या आत हात घालू नका, कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. ते काम मिस्त्रीचे.

आणि ज्या कॅसेटवर आपल्या माणसाचा आवाज आहे, ती आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. यंत्र पुन्हा मिळते. बियाणे एकदा गेले की गेले.