फोटोतले दगड

चित्रवर्णन आपण सगळेच घेतो. पाठ्यपुस्तकातलं बाजाराचं नाहीतर बागेचं चित्र, आणि मुलांची तीच ठरलेली दहा वाक्यं. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गात माझ्या सहलीचे फोटो दाखवायचं ठरवलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हेमलकशाला जाऊन आलो होतो. बाबा आमटेंनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प बघितला, भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम बघितला. वाटेत एका गावाबाहेर झाडांखाली उभे दगड दिसले. काही कमरेएवढे, काही माणसाएवढे उंच. ऊन छान पडलं होतं. गाडी थांबवली, मुलाला एका दगडाला टेकून उभं केलं आणि फोटो काढला. विचारायला जवळपास कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर विचारावं हे सुचलंही नाही.

वर्गात मुलांनी उत्साहाने लिहिलं. कुणी जुना किल्ला, कुणी आदिमानवाची वस्ती, एकाने तर गुप्तधन! भामरागड तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी एक माडिया मुलगी मात्र वही मिटून बसली होती. तास संपल्यावर टेबलाजवळ आली.

"मॅडम, ते मेलेल्या माणसांचे दगड आहेत. माझ्या आजोबाचा पण आहे तसा." थोडं थांबून म्हणाली, "आम्ही नाही टेकत त्याला."

मी तिची माफी मागितली. वर्गाला सांगशील का, असं विचारलं. तिने दोन दिवस घेतले, मग सांगितलं. माणूस गेला की त्याच्या आठवणीसाठी दगड आणून उभा करतात, नातलग जमतात, जेवण होतं. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधल्या माडियांवर ग्रिगसन यांचं १९३८ सालचं पुस्तक आहे, त्यातही या दगडांची नोंद आहे. पण वर्गाला पुस्तकाची गरजच पडली नाही. एकाने विचारलं, "दगडावर नाव कोरतात का?" ती हसली. "कशाला? गावाला माहीत असतं ना कुणाचा ते."

हे माझ्या कॅमेऱ्यात कसं येणार होतं? आदिवासी भागातले आपले फोटो आठवून बघा. गोंदलेला चेहरा, गळ्यात मण्यांच्या माळा, आणि खाली 'माडिया स्त्री'. तिचं नाव नाही, त्या वेळी ती काय करत होती तेही नाही. मुलांना आपण 'नीट निरीक्षण करा' म्हणतो, 'विचारा' क्वचितच म्हणतो. आता माझ्या वर्गात फोटोखाली कुणाला काय विचारलं ते लिहायचं असतं. विचारलं नसेल तर जागा कोरी. पहिल्या खेपेला निम्म्या वह्या कोऱ्याच आल्या, आजीच्या फोटोखालीसुद्धा.

त्याच वर्षी होळीला ती मुलगी गावी गेली, तेव्हा माझा जुना मोबाईल मागून घेऊन गेली. पहाटे झाडाखाली मोहफुलं वेचणाऱ्या आईचे सहा फोटो तिने आणले. प्रत्येकाखाली आईचं बोलणं आधी माडियात, मग मराठीत. दगडांचा एकही फोटो नव्हता. मीही विचारलं नाही.