मोंझातला उभा रस्ता

ऑफिसच्या कामासाठी मिलानला गेलेल्या माणसाचे रविवार ठरलेले असतात. पहिल्या रविवारी डुओमो, गॅलेरियातल्या मोझॅइकच्या बैलावर टाच ठेवून गिरकी, मग विंडो शॉपिंग (विंडोच! कारण प्राइस टॅग वाचला की पाय आपोआप पुढे सरकतात). दुसऱ्या रविवारी लेक कोमो. मला तिसराही रविवार मिळाला. बरोबरचे दोघे पुन्हा कोमोला निघाले होते, त्यांच्याच गाडीत मी बसलो आणि पंधरा-वीस मिनिटांत मोंझाला उतरलो. ते माझ्याकडे ‘हा इथे काय करणार?’ अशा चेहऱ्यानं बघत पुढे गेले.

आपल्यापैकी ज्यांनी नव्वदीच्या शेवटी केबलवर फॉर्म्युला वन बघितलं, त्यांना मोंझा म्हणजे काय ते सांगायला नको. रविवारी संध्याकाळी साडेपाचला टीव्ही लावायचा, शूमाकर आणि हक्किनेनवरून घरात भांडायचं, आणि शर्यत संपल्यावर पोडियमखालच्या रस्त्यावर लोटलेला तो लाल जनसमुदाय बघायचा. वेगाचं देऊळ म्हणतात या जागेला, आणि सप्टेंबरात तिथे खरंच जत्रा असते. मी गेलो तेव्हा मात्र जत्रा नव्हती. मला बघायचा होता तो भागही टीव्हीवर नीट दिसत नाही. अधूनमधून झाडांमागे एक करडी पट्टी चमकून जाते, तेवढंच.

स्टेशनवरून गावातून चालत निघालं की आधी कॅथीड्रल लागतं. त्यात लोंबार्डीचा प्रसिद्ध लोखंडी मुकुट ठेवलाय. १८०५ साली नेपोलियननं मिलानला तो स्वतःच्या हातानं स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता. त्याच नेपोलियनच्या सावत्र मुलानं मोंझाचं अवाढव्य पार्क आखून घेतलं. जवळपास सातशे हेक्टर, भोवती भिंत. आत लोक जॉगिंग करतात, बाबागाड्या ढकलतात, गवतावर आडवे होऊन पुस्तक वाचतात. आणि या सगळ्याच्या मधोमध, ओक आणि हॉर्नबीमच्या झाडीत, १९२२ साली साडेतीन हजार मजुरांनी ११० दिवसांत बांधलेला रेसट्रॅक. आपल्याकडे तेवढ्यात टेंडरही निघत नाही.

सायकल भाड्यानं घेतली आणि आवाजाच्या दिशेनं निघालो. हौशी मंडळी पैसे भरून आपापल्या गाड्या ट्रॅकवर पळवत होती. झाडांच्या एका वळणावर तो समोर आला. आधी वाटलं अर्धवट राहिलेला फ्लायओव्हर आहे. मग लक्षात आलं, हा रस्ताच आहे, फक्त आडवा नाही, उभा! काँक्रीटचा प्रचंड कठडा, वाटीच्या काठासारखा वळत गेलेला, वरच्या कडेला गंजलेलं रेलिंग, भेगांमधून उगवलेलं गवत. हेच ते मोंझाचं बँकिंग. आजचा ट्रॅक याच्याच पोटाखालून जातो. म्हणजे हॅमिल्टन आणि व्हेर्स्टापेन ज्या रस्त्यावरून सुसाटतात, त्याच्या डोक्यावर हा म्हातारा वाकून उभा आहे.

बँकिंगवर उभं राहायला गेलं की कळतं टीव्ही किती खोटं बोलतो. खालच्या कडेला चालणं सोपं असतं. चार पावलं वर गेलं की बूट घसरायला लागतात, आणि अर्ध्यावर तर ट्रेकिंगची सवय असलेल्यालाही हात टेकावे लागतात. वरच्या टोकाला चढ सुमारे ३८ अंशांचा आहे. काँक्रीटच्या लाद्यांमधले सांधे तळहाताला लागतात. या सांध्यांवरून दर फेरीला दोनशेच्या वर वेगानं जाणाऱ्या माणसांच्या दातांचं आणि मणक्याचं काय होत असेल? १९६० साली ब्रिटिश टीम्सनी ‘या बँकिंगवर आम्ही येणार नाही’ असं सांगून मोंझाच्या शर्यतीवर चक्क बहिष्कार घातला होता. ती शर्यत फेरारीच्या फिल हिलनं जिंकली. पुढच्या वर्षी ब्रिटिश परत आले. मी मोंझाला आलो होतो ते त्या पुढच्या वर्षासाठी.

१९६१. त्या वर्षी नियम बदलले आणि फॉर्म्युला वनच्या गाडीचं इंजिन दीड लिटरवर आलं. ब्रिटिश कंपन्या कुरकुरत बसल्या. फेरारीनं मात्र आधीपासून तयारी करून ठेवली होती. इंजिनिअर कार्लो किटीची ती गाडी, फेरारी १५६, पुढून दोन नाकपुड्या असलेली, म्हणून तिला सगळे शार्कनोज म्हणत. अशा गाडीत बसलेल्या दोघांपैकी एक जण चॅम्पियन होणार हे मे महिन्यातच दिसत होतं. एक हा फिल हिल, कॅलिफोर्नियात वाढलेला, चिंता करणारा, ऑपेराचा वेडा, जुने स्वयंचलित पियानो दुरुस्त करत बसणारा. दुसरा वोल्फगांग फॉन ट्रिप्स, जर्मनीतल्या सरदार घराण्याचा एकुलता एक मुलगा, देखणा, सगळ्यांचा लाडका. नंबर वन कोण ते एन्झो फेरारी सांगायला तयार नव्हते. दोघांना लढू द्यायचं, चांगलं ते आपोआप वर येईल, असा साहेबांचा फंडा. एकच प्रमोशन आणि शेजारशेजारच्या क्युबिकलमधले दोघे, अशा टीममध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना यातली गंमत आणि ताण दोन्ही कळेल.

सीझन तसा अफलातून झाला. मोनॅकोत स्टर्लिंग मॉसनं जुन्या चार सिलिंडरच्या लोटसमध्ये, गाडीच्या बाजूचे पत्रे काढून टाकून, शंभर फेऱ्यांच्या शर्यतीत फेरारींना हरवलं. माझ्या मते साठच्या दशकातली ती सगळ्यात देखणी ड्राइव्ह. झांडव्होर्टला ट्रिप्स जिंकला आणि एक विक्रमच झाला. सुरू केलेल्या पंधराच्या पंधरा गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. स्पाला फेरारी पहिल्या चारही जागांवर, हिल सर्वांत पुढे. फ्रान्समध्ये रँसला दोघंही फसले, आणि जियानकार्लो बागेत्ती नावाचा नवखा पोरगा आपल्या पहिल्याच जागतिक शर्यतीत सेकंदाच्या दहाव्या भागानं जिंकला. जागतिक शर्यत पुन्हा कधीच जिंकला नाही तो. ब्रिटनच्या पावसात ट्रिप्स. न्यूरबर्गरिंगला पुन्हा मॉस, मागोमाग ट्रिप्स, मग हिल. मोंझाला पोचताना हिशेब होता ट्रिप्स ३३, हिल २९. जिंकणाऱ्याला नऊ गुण. मोंझानंतर फक्त अमेरिकेतली एक शर्यत उरणार होती.

ट्रिप्सचं आणि मोंझाचं तसं पटत नव्हतंच. १९५६ साली सरावात आणि १९५८ साली पहिल्याच फेरीत तो इथे आपटला होता, दुसऱ्या वेळी पाय दुखावून. १९६१ ला मात्र सगळ्यात पुढची जागा त्याची होती. शेजारी कोण, तर १९ वर्षांचा मेक्सिकन रिकार्डो रॉड्रिगेझ, आयुष्यातल्या पहिल्या ग्रांप्रीला. हिल चौथा. शर्यत दहा किलोमीटरच्या मोठ्या ट्रॅकवर होती, म्हणजे निम्मा आजचा रस्ता आणि निम्मं हे बँकिंग. त्रेचाळीस फेऱ्या.

सायकलवर टांग मारून मी पाराबोलिकाकडे गेलो. शेवटचं मोठं वळण, २०२१ पासून याचं अधिकृत नाव मिकेले आल्बोरेतोच्या नावावर आहे, पण सगळे पाराबोलिकाच म्हणतात. दुसऱ्या फेरीत, या वळणाआधीच्या सरळ रस्त्यावर, ट्रिप्सची फेरारी आणि जिम क्लार्कची लोटस एकमेकींना घासल्या. क्लार्क गवतावर गरगरत थांबला, त्याला खरचटलंही नाही. फेरारी डाव्या बाजूच्या मातीच्या बांधावर चढली. बांधावर एका जाळीला टेकून माणसं उभी होती. साधी जाळी, आपल्या कंपाउंडला असते तशी. फेरारी त्या जाळीला घासत गेली आणि उलटून परत ट्रॅकवर पडली. ट्रिप्स बाहेर फेकला गेला. सीटबेल्ट कुणी लावतच नव्हतं तेव्हा. तो गेला, आणि त्याच्याबरोबर पंधरा प्रेक्षक.

मी त्या जागेच्या जवळपास बराच वेळ उभा होतो. आता तिथे उंच कुंपण आहे, डांबरी मोकळी जागा आहे, जाहिरातींच्या पाट्या आहेत. एक आई मुलाला ट्रॅकवरच्या गाड्यांची नावं सांगत होती. त्या पंधरा जणांची आठवण सहसा ‘आणि पंधरा प्रेक्षक’ अशीच येते, मी स्वतः वरच्या परिच्छेदात तेच केलंय. ते कुणी ड्रायव्हर नव्हते. त्यांनी धोका पत्करायचा म्हणून पत्करला नव्हता. ते रविवारी डबा बांधून गाड्या बघायला आले होते, जसा मी आलो होतो.

शर्यत थांबवली नाही. हे वाचून आज आपण हादरतो, तेव्हा ती रीत होती. हिल पुढची प्रत्येक फेरी त्या जागेवरून गेला. नेमकं काय झालंय याची त्याला कल्पना नव्हती. बाकीच्या फेरारी एकेक करून बंद पडल्या, हा एकटाच टिकला, आणि ताशी २०९ किलोमीटरच्या सरासरीनं पहिला आला. गर्नी दुसरा, मॅक्लॅरन तिसरा. सर्वोत्तम पाच निकाल धरायचे या नियमानं हिल ३४, ट्रिप्स ३३. अमेरिकेला पहिला विश्वविजेता मिळाला, एका गुणानं. ट्रिप्स गेल्याचं त्याला शर्यतीनंतर सांगितलं गेलं. जर्मनीत ट्रिप्सच्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

चॅम्पियन झाल्यावर माणूस घरी मिरवतो, नाही का? पुढची शर्यत होती न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला. हिलची स्वतःची माणसं, स्वतःचा देश. फेरारीनं तिथे टीमच पाठवली नाही. विजेतेपद खिशात आहे, मग कशाला, असा हिशेब असेल किंवा दुखवटा असेल. पण अमेरिकेच्या पहिल्या विश्वविजेत्याला त्या वर्षी अमेरिकेतल्या ग्रांप्रीत गाडी चालवायला मिळाली नाही, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कोरडं वाटतं. हिल त्यानंतर एकही ग्रांप्री जिंकला नाही. आणि ती शार्कनोज? फेरारीनं त्या सगळ्या गाड्या मोडीत काढल्या. आज कुठे दिसली तर ती नंतर बनवलेली नक्कल समजायची.

एक गोष्ट सांगतो, मी ज्योतिषबितिष मानत नाही तरीही. ती शर्यत होती १० सप्टेंबरला. १९३३ सालच्या १० सप्टेंबरला मोंझातच, आधीच्या बँकिंगवर, कांपारी, बोर्झाकिनी आणि चायकोव्स्की असे तीन ड्रायव्हर एका दिवसात गेले होते. आणि १९७८ साली १० सप्टेंबरला मारिओ आंद्रेत्ती इथेच चॅम्पियन झाला, हिलनंतरचा अमेरिकेचा दुसरा आणि आजवरचा शेवटचा. त्याच्या टीममधला रॉनी पीटरसन त्या शर्यतीच्या स्टार्टला जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. अमेरिकेचे दोन विश्वविजेते, दोघंही मोंझात, दोघांचेही सहकारी गेलेले.

१९६१ नंतर फॉर्म्युला वनची शर्यत बँकिंगवर परत झाली नाही. १९६३ ला सरावात प्रयत्न झाला आणि सोडून दिला. बाकीच्या शर्यती १९६९ पर्यंत चालल्या. क्लार्कच्या मागे इटलीतली चौकशी मात्र पुढची काही वर्षं लागून राहिली. तो १९६८ ला हॉकेनहाइमला गेला. रॉड्रिगेझ त्याच्या आधीच, १९६२ ला, घरच्या मेक्सिकोत. त्या दशकातल्या ग्रांप्रीचा ग्रुप फोटो हातात घेतला की बोट ठेवत ठेवत मोजावं लागतं, कोण उरलं.

ट्रिप्सचं घर जर्मनीत केर्पेनजवळ होतं. हो, तेच केर्पेन, शूमाकरचं. ज्याच्यावरून आपण घरात भांडायचो तो या गावातून आला आणि ट्रिप्सचं राहून गेलेलं काम, जर्मन माणसानं जगज्जेता होण्याचं, त्यानं १९९४ ला केलं. मोंझाला तो पाचदा जिंकला.

जायचं असेल तर सप्टेंबरचा रेस वीकएण्ड टाळा, निदान पहिल्या खेपेला. गर्दी जाम, हॉटेलचे भाव आकाशाला. साध्या रविवारी या, पार्कात सायकल घ्या, पाणी आणि सँडविच बरोबर ठेवा, आणि पकड असलेले बूट घाला. बँकिंगच्या कुठल्या भागाशी जाता येतं ते त्या दिवशीच्या कामकाजावर असतं, गेटवर विचारा. परतताना मिलानची गाडी दर थोड्या वेळानं आहे.

रात्री हॉटेलवर १९६६ चा ‘ग्रांप्री’ सिनेमा लावला. त्यात हे बँकिंग नवंकोरं, पांढरं फटक दिसतं. त्या सिनेमासाठी कॅमेरा बसवलेली गाडी ज्यांनी चालवली, त्यांच्यात फिल हिल होता. पुढच्या वर्षी त्यानं शर्यती सोडल्या. इतक्या वर्षांत एकदाही मोठी दुखापत न होता. नंतर तो कॅलिफोर्नियात जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देत बसला, आणि २००८ साली, ८१ व्या वर्षी वारला.