शंकरपटाच्या धुळीत

आज चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिला. धान निघालेल्या मोकळ्या शेतात सरळ धावपट्टी, दोन्हीकडे माणसांची भिंत. धुरकरी हलक्या छकडीवर वाकतो आणि जोडी सुटते! काही सेकंदांत सगळं आटोपतं. मोटारींच्या ड्रिफ्टिंगमध्ये गाडी किती डौलात घसरली याला गुण असतात. इथे घड्याळच पंच.

२०१४च्या बंदीने पट थांबले होते. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, २०२३मध्ये राज्याचा कायदाही वैध ठरवला. त्या अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचून, पाठीवर वळ उठवून पळवलेली जोडी पहिली येता कामा नये.

रात्री इथेच झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाचं, नाटक आहे. वडशाहून नाटक मंडळी पोहोचलीसुद्धा. पडदा बांधणं चालू आहे.